ब्लॅक बुकला सोनेरी अक्षरं, पेडलला साबणाची डबी

दरवर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे एक दृश्य न चुकता दिसतं. फायनल इयरची मंडळी ब्लॅक बुकच्या बाइंडिंगसाठी झेरॉक्सवाल्याकडे रांग लावतात. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं, ग्रुपातल्या प्रत्येकाची एक कॉपी, गाइडची एक, लायब्ररीची एक. डावीकडचा मार्जिन बरोबर सुटलाय का, हे पट्टी लावून तपासणारे सर मी स्वतः पाहिलेत. आणि ज्याच्याबद्दल हे बुक लिहिलंय ते प्रोजेक्ट? ते बिचारं थर्माकोलच्या तुकड्यावर सेलोटेपने चिकटवलेलं असतं. दोन वायरी लोंबत असतात, नऊ व्होल्टची बॅटरी रबरबँडने बांधलेली असते. एक्स्टर्नलसमोर एकदा दिवा लागला की त्याचं आयुष्य संपलं. जून उजाडला की लॅबमधले मामा ते पोत्यात भरतात. बुक मात्र कपाटात सुखरूप!

माझं म्हणणं सरळ आहे. प्रोजेक्ट ज्या डब्यात बसतं त्या डब्याला मार्क हवेत. डबा म्हणजे पत्रा वाकवून त्यात सर्किट कोंबणं नव्हे. भोकं मापात पाडणं, कडा घासणं, लाकूड लावायचं तर ते न फुगेल असं लावणं, वरून क्लिअर कोट देणं, नावं लिहिणं, हे सगळं त्यात आलं. "हे डेकोरेशन झालं, इंजिनिअरिंग नव्हे," असं म्हणणारे सर आणि "कोण एवढी मरमर करणार?" असं म्हणणारी आमची विंग, दोघांशीही मला भांडायचंय.

उदाहरण घेतो गिटारच्या पेडलचं, कारण हल्ली हॉस्टेलवर त्याचंच खूळ आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इलेक्ट्रिक गिटार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये पायाशी ठेवायचा हा छोटा डबा. पायाने बटण दाबलं की आत सर्किट चालू होतं आणि आवाज बदलतो. फाटतो, घुमतो, लांबतो, जे हवं ते. फझचं सर्किट तर दोन ट्रान्झिस्टरचं, सेकंड इयरचा पोरगा एका रात्रीत ब्रेडबोर्डवर उभं करतो. ज्याला लॅमिंग्टन रोड माहीत आहे (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचं खरं नाव, पण त्या नावाने विचाराल तर टॅक्सीवाला तुमच्याकडेच बघत राहील) त्याला सगळे पार्ट एका दुपारीत मिळतात. अडतं ते पुढे. सर्किट चाललं की पोरं ते मिळेल त्यात भरतात. साबणाची डबी, जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा, बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

गॅदरिंगला आमच्या विंगमधल्या एका ट्रॉनिक्सवाल्याने असंच स्वतः बनवलेलं पेडल साबणाच्या डबीतून स्टेजवर नेलं. रूममध्ये ते झकास वाजत होतं. स्टेजवर डिमरची लाइटिंग, शंभर वायरी, मोठे अँप. बटण दाबलं आणि गाण्याआधी भुणभुण सुरू झाली, फ्रिजच्या मागे कान लावल्यावर येते तशी, पण हॉलभर. दुसऱ्या गाण्यात जोरात पाय पडला, डबीचं झाकण तडकलं आणि जॅक आत गेला. पोरांनी हुर्यो उडवली. त्याने त्यानंतर ते पेडल उघडलंच नाही. मला वाईट याचं वाटतं की त्याच्या सर्किटमध्ये काहीच चूक नव्हती. आपण त्याला ओप अँप शिकवला, बायसिंग शिकवलं आणि डब्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही.

आता त्या भुणभुणीचा हिशेब बघा. गिटारमधून येणारा सिग्नल असतो शंभर-दोनशे मिलिव्होल्टचा. पेडलचा इनपुट इंपिडन्स मुद्दाम मोठा, एक मेगाओहमच्या आसपास ठेवलेला. म्हणजे आतली प्रत्येक उघडी तार छोटी अँटेनाच. भिंतीतल्या वायरिंगचा ५० हर्ट्झ आणि त्याची १००, १५० ची पिल्लं ती आनंदाने गोळा करते. डिस्टॉर्शनचं पेडल सिग्नल शंभर पट मोठा करतं आणि भुणभुणही तितकीच मोठी करतं. यावर उपाय फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्येच आहे: फॅरडे केज. चारी बाजूंनी धातू आणि तो धातू सर्किटच्या ग्राउंडला जोडलेला. प्लॅस्टिक हे काम करत नाही, लाकूडही करत नाही. हल्ली लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर आलाय म्हणून छाती फुगवणाऱ्यांना सांगतो, त्यातून निघणारं पीएलए पण करत नाही. वर ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवून बघा.

म्हणून दुनियेतली बहुतेक पेडलं धातूच्या डब्यात असतात. गिब्सन कंपनीचं माएस्ट्रो फझ-टोन १९६२ साली बाजारात आलं, ते धातूच्या उतरत्या पेटीत. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तेच वापरलं आणि मग त्याला मागणी आली. १९६६ चं फझ फेस तर गोल, ओतीव. माइकच्या स्टँडची बैठक बघून तो आकार सुचला म्हणतात. जपानच्या बॉस कंपनीने १९७७ मध्ये काढलेल्या छोट्या पेडलांचा आकार आजही जवळपास तोच आहे. पन्नास वर्षांत आतली सर्किटं किती बदलली! डबा नाही बदलला, कारण तो पहिल्यांदाच नीट विचार करून केलेला होता.

मग लाकडाचा हट्ट कशाला? हा प्रश्न मलाही विचारला गेलाय. एक तर लाकूड पायाला, हाताला, डोळ्यांना बरं वाटतं, आणि हे कारण मला पुरेसं आहे. मूग कंपनीने १९७० च्या मिनिमूग सिंथेसायझरला लाकडाची चौकट दिली आणि १९९८ पासून काढलेल्या मूगरफूगर पेडलांना बाजूने लाकडी पट्ट्या लावल्या. तिथल्या इंजिनिअरांना पत्रा मिळत नव्हता असं नाही. वाद्य हे वाद्यासारखं दिसावं असं त्यांना वाटलं असणार. आपण तर या बाबतीत त्यांच्याही पुढचे. हार्मोनियमला आपण 'पेटी'च म्हणतो. आत सूर, भाता, पट्ट्या एवढं सगळं असताना मराठी माणसाने नाव दिलं ते खोक्याचं!

तर लाकूड हवं आणि फॅरडे केजही हवा. यातून मार्ग दोन. पहिला, अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव डबा घ्यायचा (१५९०बी नावाने ओळखला जाणारा, साधारण ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटर) आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरचं सागाचं व्हिनियर चिकटवायचं. दुसरा, पूर्ण लाकडी पेटी करायची आणि आतून तांब्याची चिकटपट्टी किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून ते ग्राउंडला जोडायचं, झाकणाच्या आतल्या बाजूसकट. झाकण विसरलात तर केज उघडाच राहिला.

दुसऱ्या मार्गात एक गंमत आहे जी ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. पॉटच्या दांड्याभोवती जे आटे असतात ते जेमतेम सात मिलिमीटर. त्यात वॉशर आणि नट गेले की पॅनेलसाठी उरतात तीन-चार मिलिमीटर. बारा मिलिमीटरच्या फळीतून पॉट वर येतच नाही. मग आतून फळी कोरून त्या जागी पातळ करावी लागते. पातळ केली की तिथेच पाय पडणार. म्हणजे बटणाच्या खाली आधार हवा, आतून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हवी. बघा, एका नटामुळे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आलं की नाही? मला म्हणून पहिला मार्ग आवडतो, धातू आत आणि लाकूड वर. फक्त तिथे फेविकॉल चालत नाही. तो लाकडाला लाकूड जोडायला. धातूवर त्याला धरायला काही मिळत नाही. डबा १२० च्या पॉलिश पेपरने खरवडून एरल्डाइटसारखा दोन नळ्यांचा इपॉक्सी लावायचा आणि रात्रभर दाबून ठेवायचा. दाबायला जाडजूड पुस्तकं लागतात. ब्लॅक बुकचा हा एक उपयोग मी मान्य करतो.

आता हवेबद्दल. माझं घर भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात. स्टेशनपासून चालत, आणि पलीकडे थेट वसईची खाडी. चौपाटीवर संध्याकाळी फिरणाऱ्यांना तो वारा गोड वाटतो, लाकडाला नाही. खाडीची ओल वर्षभर आणि त्यात जून ते सप्टेंबर पाऊस. आमच्याकडे जुलैत कपाटाचं दार ओढून उघडावं लागतं आणि एप्रिलमध्ये तेच दार आपणहून उघडं राहतं. हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं, पण त्याचा आकडा कोणी काढत नाही. मी काढला. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण १७ टक्के पाणी धरून बसतं. आमच्या विंगमध्ये अकोल्याचे दोघं आहेत. त्यांच्याकडे मे महिन्यात आर्द्रता २५ टक्क्यांवर आली की तेच लाकूड ५ टक्क्यांवर येतं. बारा टक्क्यांचा फरक. साग तसा गुणी, कमी हलणारा, तरी उभ्या रेषांना आडवी ६० मिलिमीटर रुंदी त्यात एक-दीड मिलिमीटरने कमी-जास्त होऊ शकते, फळी कशी कापलीय त्यावर. अ‍ॅल्युमिनियमचा तोच डबा वीस अंशांच्या फरकाने हलतो मिलिमीटरचा तिसावा-चाळिसावा भाग. एक हलतो, दुसरा नाही, आणि मध्ये आपले चार स्क्रू. जेसल पार्कात जुलैत घट्ट बसवलेलं झाकण अकोल्यात मे महिन्यात तडकणार हे कागदावरच दिसतं. उपाय साधा: जाड लाकूड असेल तर स्क्रूची भोकं गोल न ठेवता आडवी लांबट करायची, म्हणजे लाकडाला सरकायला जागा मिळते. पातळ व्हिनियरला ही भीती कमी, इपॉक्सी त्याला धरून ठेवतो.

क्लिअर कोटबद्दल लोकांचा गैरसमज असतो की एकदा मारला की लाकूड सील झालं. तसं नाही. तो ओल आत जाण्याचा वेग कमी करतो, इतकंच. आणि म्हणूनच तो फक्त वरून मारला तर पंचाईत, कारण वरची बाजू हळू फुगते आणि आतली उघडी बाजू भराभर. फळी पन्हाळीसारखी वाकते. आमच्या बिल्डिंगमध्ये कुडाळकडचे एक सुतारकाका काम करायला येतात. मी फक्त वरचं पॉलिश करतोय हे बघून त्यांनी एवढंच म्हटलं, "लाकूड दोनय बाजूनी श्वास घेता रे. एकच तोंड बांधलंस तर ता वाकडां होतलां." काकांनी ना डिफ्यूजनचा चॅप्टर वाचलाय ना मॉइश्चर ग्रेडियंट. जुन्या कपाटाच्या फळीची मागची बाजू हात लावून बघा, तिथेही पॉलिशचा एक हात असतो. आम्हाला तो वाया घालवलेला वाटतो.

क्लिअर कोटचे आपल्याकडे तीन मुख्य प्रकार मिळतात. चपडा, म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने लावायची. एनसी लॅकर, थिनरमध्ये पातळ करून ब्रशने किंवा गनने मारायचं. आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, ज्यात बहुधा दोन डबे येतात आणि एकत्र केल्यावर रासायनिक क्रिया होऊन थर पक्का होतो. पहिले दोन नुसते वाळतात: द्रावण उडून जातं, मागे थर उरतो. त्यामुळे दुसरा हात पहिल्याला किंचित विरघळवून त्यातच मिसळतो आणि डाग दुरुस्त करणं सोपं जातं. पीयू एकदा पक्का झाला की विरघळत नाही. दुसरा हात धरायला हवा तर आधी ४०० च्या पेपरने हलकं घासून त्याला पकड द्यावी लागते. हे न करता हातावर हात मारले की सालपट निघतं.

एनसी आणि चपडा यांची आमच्या खाडीशी जुनी दुश्मनी आहे. पावसाळ्यात मारले की थर दुधासारखा पांढरा पडतो. पॉलिशवाले म्हणतात "धुकं बसलं". कारण मेकॅनिकलवाल्यांनी लगेच ओळखावं. थिनर भराभर उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतं. जुलैत मुंबईची हवा २९ अंश आणि दवबिंदू २५ च्या आसपास, मध्ये फक्त चार अंश. पृष्ठभाग तेवढा गार झाला की हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थरात अडकतं. तुम्ही सायक्रोमेट्रिक चार्टवर एसीचे प्रॉब्लेम सोडवता ना, हा त्याच चार्टवरचा प्रॉब्लेम आहे, फक्त पाच इंच लांबीचा. हळू उडणारं थिनर वापरलं की गार होणं कमी होतं आणि धुकंही. किंवा पावसाळा संपेपर्यंत थांबायचं. ऑक्टोबर ते मे हा खरा मोसम.

लाखेबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण हे वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या डहाळ्यांवर बसणाऱ्या एका किड्याने सोडलेली राळ. विदर्भात गोंदिया-गडचिरोलीकडच्या मंडळींना हे सांगायची गरज नाही. तिच्यासाठी १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला खास संशोधन संस्था काढली गेली, इतकं तिला महत्त्व होतं. का? इतर कारणांबरोबर एक कारण ग्रामोफोन. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असत. आपल्या पणजोबांनी ऐकलेली नाट्यगीतं लाखेवर कोरलेली होती. मिरजेत तानपुऱ्याला आणि सतारीलाही हाताने चपड्याचंच पॉलिश करायची पद्धत. तिथे एकोणिसाव्या शतकात हा धंदा उभा केला तो शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणाऱ्या घराण्यातल्या लोकांनी. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. तलवार घासणारा हात तानपुरा घासू लागला, मला ही गोष्ट फार आवडते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडे सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि खेळणी. लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाने ती वितळते आणि रंग चढतो. वेगळं हीटर नाही, वेगळं द्रावण नाही. यावर कुणाला थर्मलचा सेमिनार द्यावासा वाटला तर शीर्षक मी देतो.

इतकं कौतुक करूनही पेडलला मात्र मी पीयूच सांगेन. तानपुरा मांडीवर असतो, पेडल बुटाखाली. बुटाला वाळू, चिखल, कधी सांडलेला चहा. लाख उष्णतेने आणि ओलीने पांढरी पडते, स्पिरिटने विरघळते, आणि गॅदरिंगच्या रात्री पेडलवर काय काय सांडतं हे मासिकात लिहिता येत नाही. गिटारच्या मागच्या बाजूला, जिथे फक्त हात लागतो, तिथे हवी तर लाख लावा.

बाकी क्रम असा. सगळी भोकं आधी, कोट नंतर. कोट मारलेल्या लाकडात ड्रिल घातलं की कडेची काचेसारखी कपची उडते. भोक पाडताना खाली टाकाऊ फळी दाबून धरली तर मागून चिरफळ्या निघत नाहीत. मग १८०, २२०, ३२० असं रेषांच्या दिशेने घासणं. आडवं घासलंत तर ओरखडे कोट मारल्यावरच दिसतात, आधी नाही, हा या कामाचा सगळ्यात दुष्ट स्वभाव. मग सँडिंग सीलर, मग पातळ हात. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे: जाड हाताचं वरचं कातडं वाळतं, आत ओलं राहतं, आणि पुढे आठवड्याने नट घट्ट केला की वॉशर त्यात रुतून गोल वण उमटतो. म्हणून शेवटच्या हातानंतर निदान आठ-दहा दिवस काही बसवायचं नाही. हॉस्टेलवर ही अट सगळ्यात जड. सबमिशनच्या आदल्या रात्री जागून पॉलिश वाळत नाही, त्याला जागरणाशी देणं-घेणं नाही.

नावं क्लिअर कोटच्या खाली यायला हवीत, वर नव्हे. नाहीतर महिन्यात पुसली जातात. प्रिंट काढून लावलं तर पहिला हात फवाऱ्यासारखा अगदी कोरडा द्यायचा, भरपूर थिनर पडलं की लेझर प्रिंटची शाई पसरते. आणि नावं देवनागरीत का नकोत? 'व्हॉल्यूम, टोन, गेन' ऐवजी 'आवाज, धार, तिखट'. गेनला तिखट हा शब्द मी सुचवला तेव्हा रूमवर हशा पिकला, पण आता सगळे तेच म्हणतात. "तिखट जरा कमी कर रे, वॉर्डन येतील."

एक गोष्ट मात्र गमतीने घेऊ नका. हे काम हॉस्टेलच्या रूममध्ये करायचं नाही. एनसी थिनर पेट्रोलसारखं पेटतं आणि त्याची वाफ जमिनीलगत पसरते. शेजारी कुणी मॅगीसाठी शेगडी लावलेली असते. दोन डब्यांच्या पीयूचं हार्डनर तर त्याहून वाईट. त्यात आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिचकायला लागलं की पुढे थोड्याशा वाफेनेही त्रास होतो. तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही, धूळही नीट अडत नाही. आपण घराघरांत पॉलिशवाल्यांना रुमाल बांधून गन मारताना बघतो आणि काही म्हणत नाही. त्यांचं शिकवणं घ्यायचं तर हेही बघायला हवं. विद्यार्थ्यांनी गन वापरूच नये, असं माझं मत आहे. पाण्यावर चालणारं पीयू मिळतं, ते ब्रशने किंवा कापडाने, गच्चीवर किंवा उघड्या व्हरांड्यात लावावं. चमक थोडी कमी येते. येऊ दे.

आता सरांचा मुद्दा: प्रोजेक्टचा हेतू सर्किट समजणं आहे, सुतारकाम नव्हे. सर, फर्स्ट इयरला तुम्हीच आम्हाला कार्पेंटरी शॉपमध्ये उभं केलंत. आम्ही रंधा मारला, सांधा केला, मार्क घेतले. फिटिंगमध्ये पत्रा घासला. पीसीबीवर सोल्डर केलं. हे तिन्ही एकाच वर्षात, एकाच शेडखाली, आणि तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे आम्हाला चार वर्षांत एकदाही कोणी सांगितलं नाही. तो सांधा कुठे गेला? भंगारात. त्या लाकडाचीच पेटी करून घेतली असती तर फायनल इयरला तिच्यात काहीतरी बसलं असतं.

आणि विंगचा मुद्दा, वेळ नाही. ब्लॅक बुकचं फॉरमॅटिंग दोन-दोन आठवडे चालतं, त्यातला निम्मा वेळ तरी पानांचे नंबर रोमनमधून आकड्यात आणण्यात जातो. तिथे वेळ मिळतो कारण तिथे मार्क आहेत. म्हणूनच मी मार्कांचं बोलतोय, कलेचं नाही. टर्मवर्कच्या मार्कांतले दहा डब्यासाठी ठेवावेत. एक्स्टर्नलने तो टेबलाच्या उंचीवरून एकदा खाली टाकावा आणि मग चालतोय का बघावं. एका स्क्रू-ड्रायव्हरने उघडता यावा. कुठलं बटण कशाचं, हे बनवणाऱ्याला न विचारता कळावं. लाकूड, कोट, रंग ही ज्याची त्याची आवड. पण लावलंय तर दोन्ही बाजूंनी लावलंय का, एवढं आत डोकावून बघावं.

वर्कशॉप शनिवारी दुपारनंतर बंद असतं. ते ऑक्टोबरपासून महिन्यातून दोन शनिवार उघडं ठेवता येईल का, असा अर्ज आम्ही बारा जणांनी सह्या करून दिला आहे. रंधा, व्हाइस, ड्रिल मशीन आहेच. लागेल तो एक एक्झॉस्ट फॅन आणि पेंटसाठी पत्र्याचं बंद कपाट. शॉपमधल्या मामांनी तोंडी होकार दिलाय, "पण झाडून जायचं," या अटीवर. ज्यांना यायचं त्यांनी आपला डबा आत्ताच आणून भोकं पाडून ठेवायला हरकत नाही, त्याला पाऊस आडवा येत नाही. गॅदरिंगवाल्या त्या ट्रॉनिक्सवाल्यालाही मी सांगितलंय. त्याचं साबणाच्या डबीतलं सर्किट अजून कपाटात आहे, आणि त्याला सागाचा तुकडा मी देणार आहे.